सिल्व्हरटन: गलाईवाल्यांच्या घरातून चांदीच्या डोंगरात

येरळाकाठ :

नमस्कार मंडळी. मी विट्याची. अण्णांची सगळी उमेद तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या दुकानात गेली, धाकटा भाऊ आता डेन्व्हरला असतो. आई-अण्णांना घेऊन त्याच्याकडे गेले होते, तेव्हा कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगररांगेतलं सिल्व्हरटन बघून आलो. मुलांकडे अमेरिकेला जाणारे आपल्याकडचे आईवडील नायगारा, लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन करून परततात. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, खटाव, माण इकडच्या गलाईच्या घरातल्या माणसानं त्या यादीत हे गाव घालायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. का वाटतं, ते सविस्तर लिहिते.

गाव ९,३१८ फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर, म्हणजे हे त्याच्या दुपटीहून उंच. चहूकडे डोंगर, मधल्या सपाटीवर एक रुंद मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना १८८०-९०च्या काळातल्या विटांच्या आणि लाकडी इमारती. कायमची वस्ती हजाराच्या आतच. १८७०च्या दशकात इथे चांदीच्या शोधात लोक आले, जुलै १८८२ला रेल्वे पोचली आणि १९९१ला सनीसाइड ही शेवटची मोठी खाण बंद पडली. आता गाव पर्यटकांवर जगतं.

आम्ही ड्युरँगोहून त्याच रेल्वेनं वर गेलो. तीन फुटी रुळांची गाडी, वाफेचं इंजिन, ४५ मैलांचा प्रवास आणि वेळ साडेतीन तास. गाडी ॲनिमस नदीच्या काठानं जाते. एका टप्प्यात कडा कोरून रूळ टाकलेत, तिथे खिडकीतून खाली थेट नदीच दिसते. जाताना उजव्या बाजूची जागा घ्या, नदी आणि कडा त्या बाजूला. ही गाडी मुळात माणसं फिरवायला बांधलेली नाही. वरून खनिज खाली आणायचं आणि खालून कोळसा, लाकूड, धान्य, यंत्रं वर न्यायची, यासाठी बांधली. रूळ येण्याआधी बहुतेक माल खेचरांच्या पाठीवरून जायचा. वाहतुकीचा खर्च एवढा की अतिशय भारी कसाचं खनिजच खाली नेणं परवडायचं, बाकी दगड खाणीच्या तोंडाशी पडून राहायचा. रेल्वे आली आणि हलक्या कसाच्या दगडालाही किंमत आली. गावाची भरभराट झाली ती तिथून पुढे.

दुकानं, आइस्क्रीम, टोप्या हे सगळं आहेच, त्यावर लिहीत बसत नाही. गाडी गावात दोनेक तासच थांबते आणि बहुतेक लोक तेवढ्यात जेवून परततात. तुम्ही मुक्काम करा. खरं बघण्यासारखं गावाबाहेर आहे.

पहिली ओल्ड हंड्रेड ही खाण. छोट्या गाडीत बसवून डोंगराच्या पोटात मैलाचा तिसरा हिस्सा आत नेतात. आत बारा महिने नऊ अंश सेल्सिअसच्या आसपास थंडी, वरून पाणी ठिबकतं, त्यामुळे रेनकोट आणि हेल्मेट तेच देतात. आधी हातोडा आणि छिन्नीनं भोकं पाडायचे, मग दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रं आली. ती चालवून दाखवतात. त्या आवाजानं आईनं कान घट्ट झाकून घेतले. सुरुवातीची यंत्रं कोरडीच चालायची, दगडाची धूळ सरळ छातीत जायची, आणि या यंत्रांना खाणकामगार ‘बायका विधवा करणारी’ म्हणायचे. पुढे पोलादी दांड्यातून पाणी सोडायची सोय झाली तेव्हा धूळ बसली. बाहेर आल्यावर वर बघा: कड्याला चिकटून एक लाकडी घर दिसतं. कामगार तिथेच राहायचे. हिवाळ्यात तिथून उतरणं म्हणजे हिमकड्याखाली सापडण्याची भीती.

दुसरी मेफ्लॉवर मिल. १९२९ला बांधलेली, १९९१पर्यंत चालू. डोंगरावरच्या खाणीतून तारेला टांगलेल्या बादल्यांमधून दगड इथे यायचा. तो कुटून, पोलादी गोळ्यांच्या पिंपात दळून पिठासारखा करायचा, पाण्यात कालवायचा, थोडं तेल आणि फेस आणणारं द्रव्य घालून खालून हवा सोडायची. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, दगड खाली राहतो. तो फेस वाळवून भट्टीसाठी बाहेर पाठवायचे. शिसं, जस्त, तांबं, चांदी, सोनं, सगळं एका दगडातून.

अण्णा तिथून हलेचनात. दुकानात त्यांचं काम नेमकं इथून पुढचं: लोकांचं मोडीचं सोनं घ्यायचं, मुशीत आटवायचं, टंच म्हणजे शुद्धता काढायची, तेजाबात म्हणजे नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून सोनं वेगळं करायचं, मग तांब्याच्या पट्ट्या टाकून ती चांदी परत मिळवायची आणि लगड करून द्यायची. आयुष्यभर हातात धातू घेतला, पण तो डोंगरातून कसा सुटतो ते कधी बघायला मिळालं नव्हतं. संग्रहालयात शिसं घालून कस काढायच्या मुशी आणि हाडाच्या राखेच्या वाट्या मांडल्या होत्या. अण्णांनी त्या बघताक्षणी ओळखल्या. राख शिसं पिऊन टाकते आणि चांदीचा मणी वर उरतो, हे त्यांनी भावाकडून इंग्रजीत वदवून तिथल्या बाईंना सांगितलं. त्या बाईंनी अजून दोघांना बोलावलं आणि अण्णांना प्रश्न विचारत राहिल्या.

आता या गावाचं आपल्याशी जे नातं आहे ते. अमेरिकेत १८९०ला शर्मन कायदा झाला. सरकारनं दर महिन्याला ४५ लाख औंस चांदी विकत घ्यायची, असं त्यात ठरलं. कोलोरॅडोच्या खाणी त्या खरेदीवर चालत होत्या. चांदीचं दुसरं मोठं गिऱ्हाईक आपला देश. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कुणीही चांदी न्यावी, पाडणावळ भरावी आणि रुपये घेऊन यावेत, अशी तेव्हा मुभा होती. पण जगात चांदी जास्त निघू लागली, तिचा भाव घसरत गेला आणि तिच्याबरोबर रुपयाचाही. इंग्रज सरकारला दरवर्षी लंडनला पौंडात पैसे पाठवायचे असत, ते भरायला दरवर्षी जास्त रुपये लागू लागले. म्हणून २६ जून १८९३ला त्यांनी इथल्या टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या.

ती बातमी तारेनं पोचली आणि काही दिवसांत चांदीचा भाव औंसाला ऐंशी सेंटांवरून साठीच्या घरात आला. कोलोरॅडोतल्या खाणी आणि भट्ट्या पटापट बंद झाल्या, हजारो बेकार कामगार डेन्व्हरला जाऊन पडले. १ नोव्हेंबरला अमेरिकन सरकारचीही खरेदी थांबली. चांदीवरच उभी असलेली कितीतरी गावं तेव्हा ओस पडली. सिल्व्हरटन तगलं, कारण इथल्या डोंगरात सोनं, शिसं, तांबंही होतं.

विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात. आपल्या पणज्यांच्या पायातले तोडे, वाळे, कंबरेचा करदोटा, हीच शेतकऱ्याची शिल्लक. टांकसाळी बंद झाल्या त्या दिवशी त्या शिलकीचा भाव उतरला आणि त्याच दिवसांत सॅन वानच्या डोंगरातल्या कामगाराची चूल विझली. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. हे मी त्या गावात उभी राहून वाचलं, आणि आता कुणी ‘अमेरिकेत काय बघितलं’ म्हणून विचारलं की मी आधी हेच सांगते.

प्रश्न असतील तर विचारा. तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर जरूर लिहा.

मिरज_पॅसेंजर :

अतिशय सुंदर लिहिलंय ताई. तीन फुटी रूळ वाचून आमची मिरज-पंढरपूर गाडी आठवली. ती अडीच फुटी, बार्शी लाइट रेल्वेची. मिरज, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला, पंढरपूर. आषाढीला टपावर माणसं बसलेली असायची. ती ब्रॉडगेज झाली, सोय झाली, दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी मिरजेहून गेली ती ब्रॉडगेजमुळेच. त्याबद्दल तक्रार नाही. पण तिची एखादी आठवण चालत्या स्थितीत राहायला हवी होती, असं फार वाटतं. सिल्व्हरटनची लाइन कशी वाचली? खाणी बंद पडत असताना तीही उखडायला हवी होती ना?

येरळाकाठ :

@मिरज_पॅसेंजर, खाणींमुळे नव्हे, प्रवाशांमुळे वाचली. १९५०च्या आसपास तिथे बरेच चित्रपट चित्रित झाले, त्यातून लोकांना गाडी माहीत झाली आणि उन्हाळ्यात डबे भरू लागले. मुख्य मार्गाचे बाकीचे फाटे उखडले गेले, हा राहिला. १९८१ला मूळ रेल्वे कंपनीनं तो विकला, तेव्हापासून खाजगी. २०१८ला त्या खोऱ्यात मोठा वणवा लागला, त्यानंतर इंजिनं कोळशावरून तेलावर आणायला घेतली. १९२०च्या दशकातली इंजिनं आहेत, आणि त्यांचे सुटे भाग ड्युरँगोच्या कारखान्यातच घडवतात. तो कारखानाही बघता येतो. तुम्ही तर तो बघाच.

अजिंक्यतारा :

लेख आवडला, पण माझं मन थोडं वेगळीकडे जातं. ज्या गावात माणसं हिमकड्याखाली आणि धुळीनं मेली, तिथे आज आपण तिकीट काढून टोप्या घेऊन येतो. तिथल्या ब्लेअर स्ट्रीट या रस्त्यावरची दारूची दुकानं आणि वेश्यावस्ती ‘रंगीत इतिहास’ म्हणून दाखवतात असं वाचलंय. त्या बायकांचं आयुष्य रंगीत नव्हतं. पर्यटनानं गाव जगतं हे खरं, पण काय दाखवायचं ते येणारा ठरवतो. साताऱ्यात राहून हे रोज दिसतं. कासला फुलं बघायला येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ते, त्यांच्यासाठी हॉटेलं, आता जावळी-पाटणच्या गावांत नवीन महाबळेश्वर. त्या गावांतल्या माणसाचं घर, पाणी, रोजगार या चर्चेत कुठे येतं?

दुसरं म्हणजे २०१५ला त्याच सिल्व्हरटनजवळून नदी पिवळी झाली होती, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

येरळाकाठ :

@अजिंक्यतारा, मूळ लेख लांबला म्हणून नदीचं राहिलं होतं, आता लिहिते.

५ ऑगस्ट २०१५. सिल्व्हरटनच्या वरच्या अंगाला गोल्ड किंग ही बंद खाण. पर्यावरण खात्याची माणसंच तिचं तोंड तपासत असताना आत साठलेलं पाणी फुटलं. तीस लाख गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून जास्त. सिमेंट क्रीकमधून ॲनिमसमध्ये आलं आणि नदी हळदीच्या रंगाची झाली. पुढे न्यू मेक्सिको, युटा आणि नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशापर्यंत ते पाणी गेलं. शेतकऱ्यांनी पाट बंद केले, पिकं वाळली. दुसऱ्या वर्षी तो सगळा परिसर देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत घालून सफाईला घेतला.

पण हे एका दिवसाचं नाही. त्या खडकात लोखंड आणि गंधक एकत्र असलेलं खनिज असतं. डोंगर पोखरला की त्याला हवा आणि पाणी लागतं, गंधकाचं आम्ल तयार होतं, ते आम्ल जस्त, तांबं, कॅडमियम विरघळवून बाहेर आणतं, आणि लोखंड नदीत साचून पिवळा थर धरतं. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतो. बंद झाली की बोगदे भरत जातात. मालक निघून गेलेला असतो, आम्ल झिरपत राहतं. शेकडो बंद खाणी आहेत तिथे. अण्णा म्हणाले, दुकानातलं तेजाब आपण मोजून वापरतो आणि मोरीत ओतत नाही, इथे डोंगरच तेजाब करतोय आणि ते थांबवायचं कसं, कुणाला ठाऊक नाही.

ब्लेअर स्ट्रीटबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन आलात तर त्या गावाची दुसरी बाजू कळते. इटलीहून, स्वीडनहून, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या पोरांच्या कबरी आहेत, विशी-पंचविशीतल्या. पर्यटक तिकडे कमी जातात. तुम्ही जा.

हेळवाक :

मी कोयना प्रकल्पावर नोकरी केली, आता निवृत्त. सिल्व्हरटनची एक गोष्ट आम्हा बोगद्यातल्या लोकांना माहीत असते ती सांगतो.

सनीसाइड खाणीवर डोंगरात एम्मा नावाचं तळं होतं. खालून खणत खणत कामगार त्या तळ्याच्या तळापर्यंत पोचले होते. ४ जून १९७८ला तळ फुटला आणि सगळं तळं चिखल-दगडांसकट खाणीत उतरलं, बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडलं. तो रविवार होता. आत कुणी नव्हतं. एकही माणूस दगावला नाही. दुसरा कुठलाही वार असता तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. खाण साफ करायला दोनेक वर्षं लागली. गावावरच्या टेकडीवर खाणकामगारांसाठी बसवलेली ख्रिस्ताची मूर्ती आहे, १९५९ची. तिनं वाचवलं असं लोक मानतात.

कोयनेला आम्ही तळ्याचा तळ मुद्दाम फोडला. १३ मार्च १९९९ला एकदा आणि २५ एप्रिल २०१२ला दुसऱ्यांदा, लेक टॅपिंग. धरण रिकामं न करता जलाशयाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडकाचा पडदा स्फोटानं उडवायचा. तो पडदा किती जाड ठेवायचा, खडकात भेगा कुठे आहेत, पाणी किती झिरपतंय, स्फोटानंतर येणारा दगड पडायला खड्डा किती मोठा हवा, याची वर्षानुवर्षं मोजणी. स्फोटाच्या दिवशी आत चिटपाखरू नव्हतं. सिल्व्हरटनला झालं ते याच्या नेमकं उलटं: वर किती खडक शिल्लक आहे ते नीट न मोजता सोन्याच्या शिरेमागे वर वर जाणं. भूमिगत काम करणाऱ्या प्रत्येक पोरानं एम्मा तळं अभ्यासावं.

अजिंक्यतारा, तुम्ही गावातल्या माणसाचं विचारलंत. कोयनेत आमचंच गाव बुडालं. काही नातलग रायगडला, काही सोलापूरला, काही सांगली जिल्ह्यात गेले. कोयनेच्या शिवसागर जलाशयात नौकाविहार करायला येणाऱ्यांना पाण्याखाली काय आहे हे सांगणारा एक फलकही दिसत नाही.

माणदेशी_मुलगा :

हेळवाक काका, त्यालाच धरून. सॅन वानचे डोंगर युट या मूळनिवासी लोकांचे होते. चांदी सापडल्यावर १८७३च्या ब्रुनो कराराने त्यांच्याकडून तो मुलूख काढून घेतला. सिल्व्हरटन वसलं ते त्यानंतर. ड्युरँगोपासून जवळच इग्नेशियोला सदर्न युट लोकांचं स्वतःचं संग्रहालय आहे. मी ड्युरँगोला शिकायला होतो, तेव्हा गेलो होतो. ते लोक आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगतात. सिल्व्हरटनला जाणाऱ्यानं आधी तिथे जावं, म्हणजे डोंगर रिकामा होता आणि मग कुणीतरी येऊन चांदी शोधली, असा समज होत नाही.

चांदीनगरी :

हुपरीहून. आमच्याकडे घरोघरी पैंजणाचं काम, त्यामुळे धागा एका बैठकीत वाचला. येरळाकाठ ताई, तुमची गोष्ट १८९३ला संपत नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून फौजेला माल मोठ्या प्रमाणावर गेला आणि त्याचे पैसे रुपयात चुकवायचे होते. लोक कागदी नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले. सरकारकडे चांदी संपत आली. तेव्हा १९१८ला अमेरिकेनं पिटमन कायदा केला आणि तिजोरीत पडलेले चांदीचे डॉलर वितळवले. २७ कोटी डॉलर वितळले, त्यातली जवळजवळ २६ कोटी डॉलरांची चांदी औंसाला एक डॉलर भावानं ब्रिटनला विकली, हिंदुस्थानसाठी. तिचे इथे रुपये पडले. ते मूळ डॉलर बरेचसे १८७८नंतर पाडलेले, म्हणजे कोलोरॅडो, नेवाडाच्या खाणींच्या ऐन भराच्या काळातले. वर कायद्यात अशी अट होती की वितळवलेल्या चांदीइतकी चांदी सरकारनं अमेरिकन खाणींकडूनच, त्याच एक डॉलर भावानं परत विकत घ्यायची. त्यामुळे खाणींना पुन्हा काही वर्षं बरी गेली.

तर १९१८-१९२०चे पंचम जॉर्जचे रुपये जुन्या घरांत सापडतात, त्यांत सॅन वानच्या डोंगरातली चांदी असू शकते. मोडीला आलेले असे किती रुपये आमच्या आजोबांनी आटवले असतील!

येरळाकाठ :

@चांदीनगरी, हे मला माहीत नव्हतं. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच हिशेब मांडला: जुना रुपया १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, बारातले अकरा भाग चांदी, टंच ९१.६च्या वर. १९४०नंतरचा रुपया निम्म्या चांदीचा, आणि स्वातंत्र्याच्या वेळचा निव्वळ निकेलचा. दुकानात नाणं हातात घेतलं की आधी साल बघायचं, हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं.

त्यांनी अजून एक सांगितलं, ते महत्त्वाचं. १८९३नंतर रुपयाची चांदी तेवढीच राहिली, पण सरकारनं नाण्याचा भाव पौंडाशी बांधून वर धरला. त्यामुळे नाणं आटवणं तोट्याचं झालं आणि दागिना विकणंही तोट्याचं. आधी तोळाभर चांदी टांकसाळीत नेली की जवळपास रुपया मिळायचा. नंतर तोळाभर दागिन्याला त्याहून बरंच कमी. दुष्काळात तोडे मोडायला काढणाऱ्या बाईला हा फरक सोसावा लागला. १८९६-९७चा आणि १८९९-१९००चा दुष्काळ लगेच पुढे होते.

डॉ_बेडगकर :

धागा उत्तम चाललाय. दोन वैद्यकीय गोष्टी.

एक, उंची. वयस्कर आईवडिलांना डेन्व्हरहून थेट सिल्व्हरटनला मुक्कामाला नेऊ नका. ड्युरँगो साडेसहा हजार फुटांवर आहे, तिथे आधी राहा, मग वर जा. पहिल्या दिवशी जड जेवण नको, दारू नको, पाणी भरपूर, चढण टाळा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे होऊ शकतं. बसल्या जागी दम लागला, ओठ निळसर दिसले, बोलण्यात किंवा चालण्यात गोंधळ वाटला, तर वाट न बघता खाली उतरवायचं. औषधापेक्षा उतरणं महत्त्वाचं. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

दोन, आणि हे गलाईच्या कुटुंबांसाठी जास्त कळकळीनं लिहितो. त्या खाणीतल्या धुळीनं सिलिकोसिस होतो, फुप्फुसात व्रण पडत जातात आणि ते भरून येत नाहीत. १९१८च्या साथीत, आपल्याकडे जिला मानमोडी म्हणायचे, सिल्व्हरटनमध्ये दहातलं एक माणूस गेलं. आपल्या दुकानांत धोका वेगळा आहे. तेजाबात चांदी टाकली की तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेला तर सुरुवातीला नुसता खोकला येतो, माणूस घरी जाऊन झोपतो, आणि कित्येक तासांनी, रात्रीतून, फुप्फुसात पाणी भरतं. असे रुग्ण मी बघितलेत. जास्त धूर गेला असेल तर त्रास वाटत नसला तरी दवाखान्यात जा, आणि धूर नेमका कशाचा होता ते डॉक्टरांना सांगा. लहान खोलीत, बंद दारामागे हे काम करू नका. चुलीवर धुराडं आणि बाहेर खेचणारा पंखा हवाच. दूरच्या शहरांत एका खोलीत दुकान आणि तिथेच झोपणं, असं आपली कितीतरी पोरं करतात. त्यांना हा परिच्छेद पाठवा.

येरळाकाठ :

डॉक्टर, मनापासून आभार. अण्णांना दमा आहे. सिल्व्हरटनला जाण्याआधी आम्ही ड्युरँगोला राहिलो होतो ते त्यासाठीच. दुकानातल्या धुराचं तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या नात्यातल्या सगळ्या दुकानदारांना पाठवलं आहे.

कवठेकरीण :

लेक फिनिक्सला आहे, ऑक्टोबरला जायचा विचार आहे. आम्ही दोघं साठीच्या पुढची, शाकाहारी, गाडी जावई चालवतील. सिल्व्हरटनहून ऊरे गावाकडे जाणारा घाटरस्ता फार भीतीदायक आहे म्हणतात. आंबेनळी, कुंभार्ली बघितलेल्यांनी घाबरायचं कारण आहे का? आणि ताई, झारेकऱ्यांसारखं पाण्यात सोनं धुऊन बघायला मिळतं म्हणे, ते खरं का?

येरळाकाठ :

कवठेकरीण काकू, हो, खरं आहे. ओल्ड हंड्रेडच्या बाहेर पन्हाळीत वाहतं पाणी सोडलेलं असतं, तिथे थाळीत वाळू घेऊन चाळायला देतात. आईला ते हलवणं तिथल्या मुलांपेक्षा चांगलं जमलं. तिच्या माहेरी गल्लीत सराफांच्या दुकानापुढची माती झाडून नेणारे झारेकरी यायचे, त्यांचं बघून बघून तिला ठाऊक होतं.

रस्त्याचं सांगते. सिल्व्हरटनहून ऊरेकडे जाताना रेड माउंटन खिंड ११,०१८ फुटांवर लागते. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, कारण हिवाळ्यात बर्फ ढकलून खाली टाकावा लागतो. तिकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे सिल्व्हरटनहून ऊरेकडे गेलात तर तुम्ही डोंगराच्या अंगाला राहता. उलट आलात तर दरीच्या कडेला. म्हणून तुम्ही पहिल्या दिशेनंच जा, आणि अंधार पडायच्या आत. जावयांना घाटाची सवय असेल तर अवघड नाही. ऊरेला गरम पाण्याचं मोठं कुंड आहे, गुडघ्यांना फार बरं वाटतं.

रेल्वेचा परतीचा प्रवासही साडेतीन तासांचा, बसून पाठ आखडते. जाताना रेल्वे आणि येताना बस असं तिकीट मिळतं, बस दीडेक तासात खाली आणते. वय बघता तेच घ्या. शाकाहारी जेवण मिळतं, पण पिझ्झा, सूप, सॅलड, बटाटे एवढंच. राहायची जागा स्वयंपाकघर असलेली घ्या आणि कुकर बरोबर असू द्या. एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही.

ऑक्टोबरबद्दल म्हणाल तर महिन्याच्या सुरुवातीलाच जा. सप्टेंबरच्या शेवटी ॲस्पेनची झाडं पिवळी होतात, तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त, तिकीट आधी काढावं लागतं. ऑक्टोबरच्या अखेरीला गाडी सिल्व्हरटनपर्यंत जाणं बंद होतं आणि हिवाळ्यात ती अर्ध्या वाटेवरच्या कॅस्केड कॅन्यनपर्यंतच जाते. गावातली बरीच दुकानं आणि मिलचा दौराही थंडीत बंद असतो, तेव्हा तारखा नक्की करण्याआधी खाण आणि मिल चालू आहेत ना ते बघून घ्या. ऑक्टोबरात खिंडीत अचानक बर्फ पडू शकतो, एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा.